दुभाषी : होय

आमच्या शहराच्या वेबसाइटवर सगळं सापडतं. ट्यूलिप लावायला किती खर्च आला, रस्त्यावर हिवाळाभर मीठ किती टाकलं, सिटी हॉलमधल्या नव्या खुर्च्या कितीला पडल्या, कुत्र्यांच्या मैदानाला कुंपण कुणी घातलं. एका दुपारी मी हे सगळं वाचून काढलं. माझ्या सासूबाईंना वेडं ठरवण्यासाठी शहराने बाहेरच्या कंपनीला काय दिलं, तेवढं मात्र तिथे नव्हतं.

वेडं हा शब्द माझा, त्यांचा नाही. ते लोक फार गोड बोलतात. त्यांचा शब्द 'कपॅसिटी'. आमच्याकडे कपॅसिटी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला असते, इथे ती माणसाला असते. आपण कुठे राहायचं हे स्वतः समजून उमजून ठरवता येतं का, याची तपासणी करायला असेसर येतो. नाही येत म्हणून त्याने लिहिलं, की त्या माणसाच्या 'हो'ला आणि 'नाही'ला किंमत राहत नाही. सही दुसऱ्याने करायची. आमच्या घरात ती माझ्या नवऱ्याने केली.

मी स्कूल बस चालवते. सकाळची मुलं शाळेत सोडली की दुपारी परत न्यायच्या वेळेपर्यंत मधला वेळ माझा. त्या वेळात माझ्याबरोबरच्या बायका ग्रोसरी करतात, नाहीतर घरी जाऊन अंग टाकतात. मी मात्र तो वेळ वर्षभर सिटी हॉलच्या काउंटरवर आणि सासूबाईंना ठेवलं होतं त्या, शहराने चालवलेल्या केअर होममध्ये घालवला. तिथला गार्ड शेवटी शेवटी मला ओळखपत्रही विचारेना.

यावरून सासूबाईंचं आणि माझं गूळपीठ होतं असं कुणी समजू नये. लग्न झाल्यापासून आमचं पटलं नाही. माझी आमटी त्यांना पाणचट, त्यांची मला तिखटजाळ. सासरे गेले, सांगलीचं किराणा दुकान बंद झालं आणि त्या आमच्याकडे कॅनडात राहायला आल्या, तेव्हा 'आता माझं काही खरं नाही' असं मी बहिणीला फोनवर म्हटलं होतं. झालंही तसंच. डबे कुठे ठेवायचे यावरून आम्ही जितकं भांडलो तितकं माणसं वाटणीवरून भांडत नसतील.

पण एक सांगते. सासरे जाऊन वर्ष झालं आणि ब्रॅम्पटनच्या एका दुकानात या बाईने स्वतःहून हात पुढे केला आणि हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. मी बघतच राहिले. "इथं कोण बघतंय," त्या म्हणाल्या, "आणि बघितलं तरी त्यांच्या बापाचं काय जातंय?" त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा आवडल्या.

रीत मोडायला अशी न घाबरणारी बाई शब्दाला मात्र भ्यायची. अशुभ तोंडातून जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही. घरातून निघताना 'जाते' म्हटलं की त्या मला दारातून परत बोलावून 'येते' म्हणायला लावायच्या, मग मला बसवर जायला उशीर झाला तरी चालेल. माझी थोरली मुलगी शाळेतून आली की बॅग फेकून "आय ॲम सो डेड" म्हणायची. काय म्हणाली गं ती, असं त्या विचारायच्या. मी आपलं "दमले म्हणते" असं सांगून वेळ मारून न्यायचे.

आणि बांगडी कधी फुटायची नाही. आपल्याकडे कुणाचीच फुटत नाही, ती वाढते. नारळ वाढवतात, रात्री दुकान वाढवतात, बांगडी वाढते. हे मी मराठी वाचणाऱ्यांना काय सांगायचं? पण इथे मला ते फार जणांना सांगावं लागलं, म्हणून आता सवयच झाली आहे.

फेब्रुवारीत त्या रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायला गेल्या आणि घरापुढच्या ड्राइव्हवेवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हातातली एक बांगडीही गेली, मनगटाला काच लागली होती. ऑपरेशन झालं, आणि पाय चालता होईपर्यंत म्हणून हॉस्पिटलने त्यांना त्या केअर होममध्ये पाठवलं. तिथे फिजिओथेरपी मिळते, आमच्या घरी तर बेडरूम वरच्या मजल्यावर. आम्हालाही ते पटलं. जाताना त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं की त्यांच्या कपाटाला मी हात लावणार नाही. परत यायचंच होतं त्यांना, घरी यायचं सोडून दुसरा विषय नव्हता.

काही आठवड्यांनी तिथल्या नर्सने नवऱ्याला फोन केला. आईंना पुढेही मदत लागणार, त्यांनी कायमचं इथेच राहावं असं आमचं मत आहे, पण त्या घरी जायचं म्हणतात, तर तो निर्णय त्यांना झेपतो का हे बघायला असेसर येऊन गेली. येऊन गेली, बरं का. येणार आहे असं नव्हे. ती आली तेव्हा मी बसमध्ये होते आणि नवरा ट्रक घेऊन मॉन्ट्रियलच्या वाटेवर.

रिपोर्ट आला तो मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला. इंग्रजी साधंच होतं. 'पडल्यावर आपल्या हातातली बांगडी मोठी झाली, असे त्या ठामपणे सांगतात.' पुढे, 'रोज रात्री आपण आपल्या दुकानाचा विस्तार करत होतो, असे सांगतात. वास्तवाशी संबंध सुटलेला.' त्याखाली, 'घरी गेल्यास काय धोका संभवतो, या प्रश्नाला वारंवार विचारूनही उत्तर देत नाहीत. धोक्याची जाणीव नाही.' मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. बांगडी मोठी झाली म्हणे. मग निष्कर्ष वाचला. कुठे राहायचं हे ठरवायला असमर्थ, असं लिहिलं होतं. त्याच्यावर एका ओळीत, दुभाषी : होय.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंपुढे जाऊन बसले.

"आई, त्या बाईबरोबर दुसरं कोण आलं होतं? मराठी बोलणारं?"

"कोण न्हाई. एकटीच होती."

"मग तुम्ही तिच्याशी बोललात कसं?"

"ती मोबाईल धरत हुती माझ्या तोंडापुढं. त्यातली बाई मराठी बोलायची. पण कसली गं ती मराठी, बँकेच्या फोनमधल्यासारखी. आणि माझं आईकतच नव्हती. मधीच म्हणायची, पुन्हा बोला."

"तिने तुम्हाला विचारलं ना, घरी गेल्यावर काय वाईट होऊ शकतं?"

"विचारलं की. दहा येळा विचारलं." त्या चिडल्या होत्या. "परक्या बाईनं घराबद्दल वाईट बोल म्हणायचं आणि मी बोलायचं? मी गप बसले. न्हाई बोलले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मोबाईलवरच्या ॲपने भाषांतर केलं होतं, आणि कागदावर दुभाषी होता. त्या ॲपला बांगडी वाढली म्हणजे काय कळणार? आणि ज्या प्रश्नाचं उत्तर देणं या बाईने जन्मभर पाप मानलं, तेच न दिल्याबद्दल तिला नापास केलं होतं.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो आपल्या आईचा एकुलता एक. आईवर जीव आहे त्याचा, नाही असं नाही, पण कागदापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते.

"अगं, पण ते म्हणतात ते काही अगदीच चूक नाही. आपण दोघं दिवसभर बाहेर. जिना आहे. उद्या काही झालं तर?"

"झालं तर झालं. त्यांना यायचंय ना घरी?"

"आईला ठरवता येत नाही असं लिहिलंय तिथे."

"अहो, लिहिणाऱ्याला मराठी येत नाही."

"मी काय डॉक्टर आहे का?" म्हणाला, आणि आईला कायमचं तिथे ठेवायला त्याने सही करून टाकली. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही, आणि पुढे बरेच दिवस फक्त कामापुरतं. पण सही झाली होती. असेसरचा कागद खोटा ठरला तरच ठरवायचा हक्क परत सासूबाईंकडे जाणार होता, म्हणून मी त्या कागदाच्या मागे लागले.

केअर होमची मॅनेजर म्हणाली, तपासणी आम्ही करत नाही, कंपनीकडून करून घेतो, तुम्ही कंपनीला विचारा. कंपनीने फोनवर सांगितलं, आम्ही फक्त आमच्या क्लायंटला उत्तर देतो. तुमचा क्लायंट म्हणजे माझ्या सासूबाई ना, मी म्हटलं. नाही मॅम, आमचा क्लायंट म्हणजे शहर. म्हणजे जिची बुद्धी तपासली ती कुणीच नाही. शहराने सांगितलं, रिपोर्टमध्ये दुभाषी होता असं स्पष्ट लिहिलंय, तुमच्याकडे काही पुरावा असेल तर द्या. सासूबाईंचा शब्द पुरावा नव्हता, कारण त्या असमर्थ होत्या. काय पण तर्कट.

फुकट सल्ला देणाऱ्या कायद्याच्या ऑफिसातल्या एका बाईने मला वाट दाखवली. ती म्हणाली, दुभाषी आला असेल तर कुणीतरी त्याचे पैसे दिले असणार, आणि शहराचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा, कुणीही नागरिक त्याचा हिशेब मागू शकतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या बुद्धीबद्दल भांडण्यात अर्थ नव्हता, बिलाबद्दल विचारायला हवं होतं.

सिटी हॉलच्या काउंटरवरचा माणूस सज्जन होता. मी काय मागतेय ते मला त्याला दोनदा सांगावं लागलं. या कंपनीकडून शहर अशा तपासण्या करून घेतं, त्याचा खर्च किती, त्यात दुभाष्याचे पैसे धरलेत का, आणि माझ्या सासूबाईंच्या वेळी ते दिले का. त्याने अर्ज घेतला, फी घेतली, शिक्का मारला. तुम्हाला हे कशासाठी हवंय, त्याने विचारलं आणि लगेच म्हणाला, सॉरी, मला ते विचारायची परवानगी नाही. मी तरीही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने मला मराठीचं स्पेलिंग विचारलं.

पुढे जे झालं त्याला कॅनडात प्रोसेस म्हणतात. मुदत वाढवली म्हणून पत्र आलं. मग कंपनीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल म्हणून पत्र आलं. मग कंपनीने हरकत घेतल्याचं आलं, आपला दर बाहेर फुटला तर दुसऱ्या कंपन्या त्याचा फायदा उठवतील म्हणून. आमच्या घरातल्या म्हातारीला वेडं ठरवायचा दर हे त्यांचं व्यापारी गुपित निघालं. प्रत्येक पत्राच्या शेवटी माझ्या संयमाबद्दल आभार मानलेले असायचे. माझ्यात संयम नावालाही नव्हता, पण आभार मात्र ढीगभर जमले.

शेवटी कागद आले ते काळे. काळं फासणं म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं. रकमा काळ्या, दर काळे, कुठे कुठे तर अख्खं पान काळं, आणि त्या काळ्याच्या खाली पान नंबर तेवढा शाबूत. मी ते कागद तसेच बसमध्ये शेजारच्या सीटवर टाकले आणि दुपारच्या मुलांना आणायला गेले. त्या दिवशी एका पोराने मागे चिप्स सांडले म्हणून मी नको इतकं ओरडले.

मी अपील केलं. अपिलाचं होईल तेव्हा होईल, तोवर आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेला गाठलं. तिने मला कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलायची वेळ मिळवून दिली. पाच मिनिटं, समोर दिवा, वेळ संपली की तो लाल होतो. माझ्या आधी एक गृहस्थ, रॅकून नावाची जनावरं कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडतात, यावर बोलले. त्यांना भरपूर प्रश्न विचारले गेले. मग मी उभी राहिले. बांगडी वाढणं म्हणजे काय ते सांगितलं, दुकान वाढवणं म्हणजे काय ते सांगितलं, दुभाषी आला नव्हता हे सांगितलं, आणि म्हटलं, तुम्ही ट्यूलिपचा खर्च दाखवता, मग हा का लपवता? सगळे अगदी मन लावून ऐकत होते. एक नगरसेवक म्हणाले, किती सुंदर आहे तुमची भाषा, फुटणं म्हणायचं नाही, वाढणं म्हणायचं. दोन-तीन माना हलल्या. भाषेचं कौतुक झालं, ठराव काही झाला नाही, आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

तिकडे सासूबाई दिवसेंदिवस बारीक होत होत्या. खाणं आवडायचं नाही, मी डबा न्यायचे. माझी पाणचट आमटी त्या मुकाट्याने खायच्या, याचंच मला वाईट वाटायचं. नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं. "कधी न्हेणार घरला?" एवढंच विचारायच्या. पाय चांगला चालत होता, वॉकर घेऊन कॉरिडॉरभर फिरायच्या. शेजारच्या खोलीतल्या पंजाबी आजींशी त्यांची खुणांनी दोस्ती झाली होती, त्यांना त्या लिंबाच्या लोणच्याची फोड द्यायच्या. डोकं म्हणाल तर, नवरा मॉन्ट्रियलहून येताना कुठल्या वारी काय आणणार म्हणाला होता आणि विसरला, ते सगळं त्यांच्या लक्षात असायचं.

अपील केल्यावर काही महिन्यांनी दुसरा गठ्ठा आला. रकमा काळ्याच होत्या. पण या वेळी ज्याने काळं फासलं त्याने घाई केली होती, किंवा त्याला कंटाळा आला होता, किंवा कोण जाणे, त्याला माझी दया आली होती. सासूबाईंच्या तपासणीच्या बिलात आकडा झाकला होता, पण त्याच्या शेजारचे शब्द राहून गेले होते. 'दुभाषी, प्रत्यक्ष उपस्थित.' म्हणजे जो माणूस आलाच नव्हता त्याचे पैसे कंपनीने शहराकडून घेतले होते, आणि शहराने दिले होते.

मी तो कागद घेऊन मॅनेजरसमोर बसले. त्या दिवशी केअर होममध्ये कोण कोण आलं याची नोंद त्यांच्याच रिसेप्शनला होती. तिने ती काढली. असेसर एकटीच आली होती. मॅनेजरने त्या पानाची झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली. आठवड्याभरात पत्र आलं. कोणतीही चूक मान्य न करता, केवळ सौजन्य म्हणून, शहर नव्याने तपासणी करून घेईल, मराठी दुभाष्यासह. त्या रात्री मी नवऱ्यापुढे तो बिलाचा कागद ठेवला. त्याने वाचला, परत वाचला. "मी सही करायला नको होती," तो म्हणाला. नको होतीच.

आता प्रश्न सासूबाईंचा होता. कायद्याच्या ऑफिसातल्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं, धोक्याच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलंच पाहिजे. घरी काय वाईट होऊ शकतं हे त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे, नाहीतर दुभाषी कितीही चांगला असला तरी निकाल तोच.

मी त्यांच्या पलंगावर बसले आणि शिकवायला लागले.

"आई, बांगडी फुटली म्हणायचं. म्हणा."

"न्हाई म्हणणार."

"त्या लोकांना कळत नाही हो. एकदाच म्हणा."

"तुला लाज न्हाई वाटत, म्हाताऱ्या माणसाला असलं बोलायला लावतीस?"

"वाटते. पण तुम्हाला घरी यायचंय ना?"

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग पुटपुटल्या, "फुटली." मी म्हटलं, छान. आता घरी काय होऊ शकतं ते सांगा. त्यांनी उशीत तोंड घातलं. एवढी सांगलीच्या बाजारात उधारी वसूल करणारी बाई, कुणाच्या बापाला न भिणारी, लहान मुलीसारखी हट्टाने मान हलवत राहिली. मला त्या कंपनीचा, शहराचा, त्या काळ्या कागदांचा इतका राग आला की मी उठून वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तपासणीच्या दिवशी नवी असेसर आली, दुसऱ्या कंपनीची. तिच्याबरोबर एटोबिकोहून एक मराठी बाई आली होती, दुभाषी म्हणून, हाडामांसाची. नवरा आणि मी मागच्या खुर्च्यांवर, तोंड उघडायचं नाही या अटीवर. नवऱ्याच्या मांडीवर आईचं जाड जॅकेट होतं, तो घेऊनच आला होता.

सासूबाईंनी फार चांगली उत्तरं दिली. दुकान रात्री बंद करायचो म्हणाल्या, बंद, वाढवायचो नव्हे. कुठे आहात, का आहात, पाय कसा मोडला, सगळं नीट. बांगडीचं विचारलं तेव्हाही म्हणाल्या, "फुटली." मग असेसरने तो प्रश्न विचारला, आणि त्या मराठी बाईने अगदी हळू आवाजात, शब्द निवडून तो मराठीत सांगितला. घरी गेलात तर तुम्हाला काय काय त्रास होऊ शकतो, आजी?

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"पडेन," त्या म्हणाल्या.

"अजून काही?"

"जिन्यावरनं पडेन. दोघं कामाला, पोरं शाळेला, घरात कुणी नसंल. कुणाला कळायचं न्हाई." मग म्हणाल्या, "त्या घरात मी मरेन."

मराठी बाईने मान खाली घातली. तिला ते इंग्रजीत सांगायला थोडा वेळ लागला. असेसरने लिहून घेतलं आणि हसून म्हणाली, "व्हेरी गुड."

निकाल तिने तिथेच सांगितला. पूर्ण समर्थ. कुठे राहायचं हे ठरवायचा अधिकार त्यांचा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नवरा जॅकेट घेऊन उठला आणि बाही उलगडून आईपुढे धरली.

"चल आई. घरी."

त्या उठल्या नाहीत.

"न्हाई येत मी."

"अगं, झालं सगळं. तू जिंकलीस."

"त्या घराचं नाव घेऊन मी मरण बोलले," त्या म्हणाल्या. "तुम्ही आईकलंत ना? चौघांनी आईकलं. पोरं झोपतात तिथं. आता मी कुठल्या तोंडानं पाऊल ठेवू?"

"आई," मी म्हटलं, "ते नुसतं उत्तर होतं हो. परीक्षेतलं."

"तोंडातनं गेलं ते गेलं."

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, चला हो, तुमच्या कपाटाला मी हात लावलेला नाही, वाटलं तर माझ्याशी रोज भांडा. नवरा तर रडायलाच लागला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जॅकेटची घडी करून परत त्याच्या हातात दिली.

असेसरने दुभाषी बाईला विचारलं, काय म्हणतायत त्या. ती बाई माझ्याकडे बघत होती, काय सांगू म्हणून. मग तिने सांगितलं की त्यांना इथेच राहायचं आहे. असेसरने नियमाप्रमाणे परत सावकाश विचारलं, हे तुम्ही स्वतः ठरवलंय का, कुणी भाग तर पाडलं नाही ना? सासूबाई म्हणाल्या, मीच ठरवलंय. या वेळी त्यांचा शब्द लगेच मानला गेला.